सोयाबीनच्या फुलांवरचे संशोधन आणि ‘एजंट ऑरेंज’ : आर्थर गॅल्स्टन यांचा संबंध नेमका किती?

वर्गातला फळा (धागालेखक)

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. वनस्पतींची संप्रेरके हा घटक शिकवताना ऑक्सिन, जिबरेलिन यांची नावे आणि कार्ये सांगून पुढे जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे. यंदा त्यामागचा इतिहासही थोडा सांगावा, असे ठरवले. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी सोयाबीन असते. म्हणून सोयाबीनशी निगडित एखादा शास्त्रज्ञ शोधताना अमेरिकेतील आर्थर गॅल्स्टन (१९२०–२००८) यांचे नाव समोर आले. त्यांच्याविषयी बऱ्याच ठिकाणी एकच वाक्य फिरवून लिहिलेले आढळले, ते असे की सोयाबीनला लवकर फुले यावीत म्हणून त्यांनी एक रसायन शोधले आणि त्याच रसायनापासून अमेरिकी लष्कराने व्हिएतनामची जंगले जाळणारे ‘एजंट ऑरेंज’ बनवले.

हे वाक्य मुलांना सांगण्यास फार सोयीचे आहे आणि म्हणूनच मला त्याविषयी शंका आहे. एजंट ऑरेंजमध्ये २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन तणनाशके होती, एवढे मला ठाऊक आहे. मग गॅल्स्टन यांचे रसायन त्यात कोठे बसते? संबंध असेल तर तो रासायनिक आहे, कल्पनेचा आहे, की केवळ नंतर जोडलेला आहे? आणि हे सर्व कळल्यावर त्यांनी जे केले, त्याचा प्रत्यक्ष काही परिणाम झाला का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी कात्रणे

आपली शंका रास्त आहे. रसायन एकच होते, हे चूक आहे. संबंध मुळीच नव्हता, हेही चूक आहे. क्रमाने लिहितो.

गॅल्स्टन यांनी इलिनॉय विद्यापीठात १९४३ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. सोयाबीन हे दिवसाच्या लांबीवर फुलणारे पीक असल्यामुळे उत्तरेकडील लहान हंगामात त्याला फुले व शेंगा वेळेत लागाव्यात, हा त्या काळी व्यवहारातला प्रश्न होता. त्यांनी वापरलेले रसायन म्हणजे २,३,५-ट्रायआयोडोबेंझॉइक आम्ल, ज्याला संक्षेपाने ‘टायबा’ म्हणतात. हे रसायनही त्यांनी शोधलेले नव्हते. झिमरमन आणि हिचकॉक या जोडीने १९४२ मध्येच टोमॅटोवर त्याचे परिणाम दाखवले होते. गॅल्स्टन यांना असे आढळले की योग्य मात्रेत टायबा दिल्यास सोयाबीनला फुले अधिक येतात, परंतु मात्रा वाढवली की झाडाची पाने गळून पडतात. प्रबंधात ही दुसरी नोंद दुय्यम होती. नंतर तिलाच महत्त्व आले.

पाने का गळतात, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. पानाच्या पात्यात तयार होणारे ऑक्सिन देठातून खाली वाहत असते आणि हा प्रवाह सुरू असेपर्यंत देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर सुटत नाही. टायबा ऑक्सिनची ही वाहतूक अडवते. प्रवाह थांबला की त्या थरातील पेशींच्या भिंती विरघळू लागतात आणि हिरवे, निरोगी दिसणारे पानसुद्धा वाऱ्याच्या झुळकीने निखळते. शरद ऋतूतील पानगळ किंवा कापसाच्या वेचणीपूर्वी केली जाणारी कृत्रिम पानगळ यांच्या मुळाशी हाच थर आहे.

२,४-डी आणि २,४,५-टी यांचे काम याहून वेगळे आहे. ती ऑक्सिनची नक्कल करतात. परंतु झाड स्वतःच्या ऑक्सिनची जशी विल्हेवाट लावते तशी त्यांची लावू शकत नाही. त्यामुळे रुंद पानांच्या वनस्पतीत वाढीचा आदेश थांबतच नाही, खोड पिळवटते आणि झाड मरते. एक रसायन ऑक्सिनचा रस्ता बंद करते, तर दुसरी त्या रस्त्यावर न थांबणारी गर्दी सोडतात. एजंट ऑरेंज हे या दोन तणनाशकांच्या ब्युटाइल एस्टरांचे निम्मे-निम्मे मिश्रण होते आणि टायबाचा त्यात अंशही नव्हता.

आता खरा दुवा. लष्करी वापराची कल्पना ज्यांनी मांडली ते शास्त्रज्ञ म्हणजे शिकागो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख एझ्रा क्राउस. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतर लगेचच त्यांनी असे सुचवले की वाढीची ही संप्रेरकसदृश द्रव्ये अधिक मात्रेत फवारली तर जपानचे भाताचे पीक नष्ट करता येईल आणि झाडांची पाने गळवून लपवलेली ठिकाणे उघडी पाडता येतील. पुढे मेरीलँड राज्यातील कॅम्प डेट्रिक या जैविक युद्धाच्या संशोधन केंद्रात १९४४–४५ च्या सुमारास हजाराहून अधिक संयुगे झाडांवर तपासली गेली. पाने गाळणाऱ्या द्रव्यांचा शोध घेणाऱ्या या लोकांनी गॅल्स्टन यांचा प्रबंध वाचला होता आणि आपले काम तेथपर्यंत पोचल्याचे गॅल्स्टन यांना मागाहून कळले. जपान शरण आल्यामुळे ही फवारणी त्या युद्धात झाली नाही. गंमत अशी की हे लष्करी निष्कर्ष फार काळ गुप्तही राहिले नाहीत. १९४६ मध्ये ‘बोटॅनिकल गॅझेट’ या नियतकालिकात ते मोठ्या प्रमाणावर छापून आले आणि २,४-डी शेतीच्या बाजारात दाखल झाले.

माझे मत विचाराल तर ‘एजंट ऑरेंजचा जनक’ हे बिरूद गॅल्स्टन यांना देणे अन्यायाचे आहेच, शिवाय त्यामुळे क्राउस यांचे नाव झाकले जाते. ज्याने हेतुपुरस्सर प्रस्ताव मांडला तो विस्मरणात गेला आणि ज्याने पुढे जाहीरपणे संबंध मान्य केला त्याच्या डोक्यावर सगळे खापर फुटले.

द्राक्षमळा

मी शास्त्रज्ञ नाही, तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार आहे. परंतु ‘मात्रा वाढवली की’ हे शब्द वाचून लिहावेसे वाटले. आम्ही जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग, या मापाने) मोजून वापरतो. घड बुडवताना द्रावण थोडे जास्त झाले, किंवा दिवस दोन दिवस मागेपुढे झाले, तरी मण्यांवर आणि देठावर फरक दिसतो. संप्रेरकाच्या बाबतीत औषध आणि विष यांत अंतर किती कमी असते, हे आमच्याकडच्या शेतमजुरालाही ठाऊक आहे.

२,४-डी चा अनुभवही सांगतो. आमच्या शेजारी ऊस आहे आणि उसातील रुंद पानांच्या तणासाठी ते सर्रास मारले जाते. एका वर्षी गोड्या बाराची (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची) छाटणी होऊन शेंडे वितभर झालेले असताना शेजारच्या उसात दुपारच्या वाऱ्यात फवारणी झाली. आठवड्याभरात बांधालगतच्या ओळींची नवी पाने पंख्यासारखी मिटलेली येऊ लागली. शिरा एकमेकींजवळ ओढल्या गेलेल्या आणि पांढरट, पानाची कडा करवतीसारखी, शेंडा खाली वळलेला. आत चार ओळी गेल्यावर बाग व्यवस्थित होती. बांधापलीकडचा ऊस तर जणू काही झालेच नाही अशा थाटात उभा होता, कारण तो गवताच्या कुळातला. त्यानंतर मी तणनाशकाचा पंप बागेच्या शेडमध्ये ठेवूसुद्धा देत नाही, कारण नीट न धुतलेल्या पंपातील अंशही द्राक्षाला पुरतो.

विमानातून हजारो एकरांवर हेच मारले तर काय होईल, याची कल्पना करण्यासाठी मला कोणत्याही अहवालाची गरज वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच की आमच्या कृषी सेवा केंद्रात मिळणारे २,४-डी म्हणजे एजंट ऑरेंजच का? गावात असे बोलले जाते.

जुनी कात्रणे

@द्राक्षमळा, आपण केलेले पानाचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. धागालेखकांनी ते जसेच्या तसे वर्गात वाचून दाखवावे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. एजंट ऑरेंजमुळे माणसांवर जे परिणाम झाले त्यांत मुख्य दोष टीसीडीडी या अत्यंत विषारी डायॉक्सिनचा मानला जातो. २,४,५-टी तयार करताना तापमान नीट आवरले नाही तर हे अशुद्ध द्रव्य त्यात तयार होते. २,४-डी च्या निर्मितीत टीसीडीडी त्या प्रकारे तयार होत नाही. अमेरिकेने २,४,५-टी चे बहुतेक उपयोग १९७९ मध्ये तातडीने थांबवले आणि १९८५ मध्ये त्याची नोंदणी पूर्ण रद्द झाली. २,४-डी जगभर विकले जाते. ते निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा काढला होता, त्यात त्याचे नाव होते. परंतु दोन्ही एकच, असे म्हणणे बरोबर नाही.

तिवरवन

व्हिएतनामच्या बाजूने कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मी कांदळवनांवर काम करते, त्यामुळे माझा कल तिकडे असणार, हे गृहीत धरावे.

‘ऑपरेशन रँच हँड’ या नावाने १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाच्या सी-१२३ विमानांतून दक्षिण व्हिएतनामवर फवारणी झाली. सर्व तणनाशके मिळून सात कोटी लिटरहून अधिक द्रव्य तेथे पडले. पिंपांवरील पट्ट्याच्या रंगावरून ऑरेंज, व्हाइट, ब्लू अशी नावे पडली. यांपैकी ब्लू हे आर्सेनिकयुक्त द्रव्य होते आणि ते भाताच्या शेतांसाठी वापरले जाई, कारण भात गवताच्या कुळातला असल्यामुळे ऑरेंजला तितकासा बळी पडत नाही. वर उसाविषयी जे लिहिले आहे त्याचीच ही दुसरी बाजू. कोणत्या पिकावर कोणते द्रव्य चालते याचे वनस्पतिशास्त्र येथे अचूक वापरले गेले होते. या वैमानिकांमध्ये ‘जंगले रोखणे केवळ तुमच्याच हाती आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य प्रचलित होते. वणवे टाळण्याचे आवाहन करणाऱ्या सरकारी जाहिरातीचे ते विडंबन होते. विनोद म्हणूनही ते अंगावर येते.

सर्वांत मोठी हानी खाडीकाठच्या जंगलांची झाली. पानझडी किंवा मिश्र जंगलातील कित्येक वृक्ष एका फवारणीतून सावरले, परंतु सायगावच्या आग्नेयेकडील रुंग साट भागातील कांदळ एकाच फवारणीत उभेच्या उभे वाळले. याचे कारण त्यांच्या शरीररचनेत आहे. कांदळाच्या म्हणजे ऱ्हायझोफोराच्या जुन्या फांद्यांवर सुप्त कळ्या जवळजवळ नसतात, त्यामुळे शेंड्याकडची पाने गेली की पुन्हा फुटण्यासाठी त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही. त्याची बीजे झाडावरच रुजून खाली पडतात. आईची झाडेच मेल्यावर रोपे येणार कोठून? १९७० मध्ये हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील एका मोठ्या विज्ञानसंस्थेचा जो अभ्यासगट तेथे गेला, त्यात आर्थर वेस्टिंग हे वनशास्त्रज्ञ होते. फवारणीनंतर काही वर्षे लोटूनही तेथे नवी वाढ जवळपास नाही, ही गोष्ट त्या गटाने जगासमोर आणली. डोंगराळ भागात शत्रूची म्हणून नष्ट केलेली शेती बहुतांशी तेथील आदिवासी रहिवाशांची होती, हा त्याच गटाचा दुसरा निष्कर्ष.

तो प्रदेश आज कान झ्यो या नावाने ओळखला जातो. १९७८ पासून स्थानिक लोकांनी का माऊ या दक्षिण टोकाकडून कांदळाची बीजे आणून हाताने लागवड केली आणि २००० मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. ज्यांना वाटते की निसर्ग आपोआप सावरतो, त्यांनी हे ‘हाताने’ लक्षात घ्यावे.

वर्गातला फळा (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी जे वाक्य फळ्यावर लिहिणार होतो ते आता लिहिणार नाही. दोन प्रश्न मात्र उरले आहेत. गॅल्स्टन यांच्या विरोधाने नेमके काय साध्य झाले? आणि शीतयुद्धाच्या काळात पिकांवरील रोगांचाही शस्त्र म्हणून विचार झाला होता असे ऐकून आहे, त्यात तथ्य किती?

सनद

पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. हा विषय माझ्या वाचनातला आहे.

गॅल्स्टन १९५५ पासून येल विद्यापीठात होते. १९६६ मध्ये त्यांनी आणि वनस्पती शरीरक्रियाशास्त्रातील काही सहकाऱ्यांनी अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहून या फवारणीच्या दूरगामी परिणामांविषयी चिंता व्यक्त केली. त्याच सुमारास हार्वर्डचे पोषणतज्ज्ञ जीन मेयर यांनी मांडलेला मुद्दा मला अधिक परिणामकारक वाटतो. पीक नष्ट करून उपासमार घडवली तर सर्वांत आधी लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया मरतात, तर हातात शस्त्र असलेला सैनिक सर्वांत शेवटी उपाशी राहतो, असे त्यांनी दाखवून दिले.

पत्रांना सरकारी उत्तरे आली, फवारणी चालूच राहिली. चित्र पालटले ते १९६९ मध्ये, उंदरांवरील प्रयोगांत २,४,५-टी मुळे पिल्लांमध्ये जन्मजात व्यंगे आढळल्याचे निष्कर्ष बाहेर आल्यावर. गॅल्स्टन आणि मेसेल्सन यांनी हे निष्कर्ष घेऊन अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार ली डुब्रिज यांची भेट घेतली. डुब्रिज हे पूर्वी कॅलटेक या कॅलिफोर्नियातील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष होते आणि गॅल्स्टन तेथे अध्यापक होते. ही जुनी ओळख किती उपयोगी पडली असेल, याचा अंदाज ज्याने कोणत्याही कार्यालयात खेटे घातले आहेत त्याला येईल. एप्रिल १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर स्थगित झाला आणि जानेवारी १९७१ मध्ये रँच हँडचे शेवटचे उड्डाण झाले. तेव्हा जंगलाच्या हानीपेक्षा प्रयोगशाळेतील उंदरांचा पुरावा निर्णायक ठरला, हे गॅल्स्टन यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

जंगलाचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये वॉशिंग्टन येथील एका परिषदेत त्यांनी ‘इकोसाइड’ ही संज्ञा मांडली आणि वंशसंहार जसा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानला जातो तसा पर्यावरणाचा जाणूनबुजून केलेला विध्वंसही मानला जावा, असे सुचवले. पुढील वर्षी ते हनोईला गेले, तेथून चीनमध्ये गेले आणि पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले. आपण विघातक प्रकल्पावर काम केले नाही की आपली जबाबदारी संपली, ही पूर्वीची समजूत टिकत नाही आणि शास्त्रज्ञाने आपल्या शोधाच्या मागे शेवटपर्यंत राहिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका झाली. उतारवयात येलमध्ये त्यांनी जीवनीतिशास्त्र शिकवले ते याच भूमिकेतून.

‘जुनी कात्रणे’ यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. गॅल्स्टन यांच्यावर खापर फुटले असे ते म्हणतात. परंतु तो दुवा गॅल्स्टन यांनी स्वतः वारंवार सांगितला, कारण त्यामुळे त्यांच्या विरोधाला वजन येत होते. तपशिलात तो दुवा बारीक होता, हे खरे. तरीही बाहेरच्या टीकाकारापेक्षा ‘हे माझ्या प्रबंधातून गेले आहे’ असे म्हणणारा माणूस ऐकला जातो आणि त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. यात मला वावगे दिसत नाही.

जुनी कात्रणे

मतभेद मान्य. खापराविषयी मी जे लिहिले ते अलीकडच्या लेखनाला उद्देशून होते, गॅल्स्टन यांच्या स्वतःच्या भाषणांना नाही.

दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात. होय, तथ्य आहे. गव्हाच्या खोडावरील तांबेरा आणि भातावरील करपा या दोन्ही रोगांच्या बुरशीची बीजे अमेरिकेने शस्त्र म्हणून साठवली होती. १९५१ ते १९६९ या काळात तांबेऱ्याची सुमारे ३६,००० किलो बीजे जमा झाली, असे सांगितले जाते. ती टाकण्यासाठी प्रचारपत्रके टाकण्याच्या बाँबमध्ये बदल करून त्यात बुरशीची भुकटी लावलेली पक्ष्यांची पिसे भरली जात. ऐकायला हास्यास्पद वाटते, परंतु हलके पीस वाऱ्यावर दूर पसरते आणि दवाने ओल्या पानावर चिकटते. तांबेऱ्याला रुजण्यासाठी नेमकी तीच ओल लागते. सोव्हिएत रशियातही कृषी मंत्रालयाच्या आडून पिके आणि जनावरे यांच्या रोगांचा असाच कार्यक्रम चालत असे आणि त्याचे सांकेतिक नाव होते ‘एकॉलॉजी’. नोव्हेंबर १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी जैविक शस्त्रांचा त्याग जाहीर केल्यावर अमेरिकी साठे नष्ट करण्यात आले.

वर्गातला फळा (धागालेखक)

तांबेरा मुलांना ठाऊक आहे, त्यामुळे हे त्यांना लगेच उमगेल. एक शेवटची शंका : रोग पसरवणे करारांनी निषिद्ध आहे, तर मग तणनाशकेही त्याच कक्षेत येतात का?

सनद

सरळ उत्तर असते तर बरे झाले असते. १९७२ चा जैविक शस्त्रबंदी करार पिकांवरील बुरशीलाही लागू होतो, त्यात संदिग्धता नाही. रसायनांचे मात्र घोंगडे भिजत पडले आहे. १९६१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी अध्यक्ष केनेडी यांना असा सल्ला दिला होता की ब्रिटिशांनी मलायात पिकांवर विमानाने रसायने फवारली असल्यामुळे पायंडा पडलेलाच आहे आणि यात कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८० विरुद्ध ३ मतांनी याच्या उलट अर्थ लावला आणि युद्धात रासायनिक व जैविक शस्त्रे वापरण्यास मनाई करणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये वनस्पतींना विषारी असलेली द्रव्येही येतात, असे ठरवले. विरोधात मत देणारे देश अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल हे होते. एप्रिल १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी युद्धात तणनाशकांचा प्रथम वापर न करण्याचे जाहीर केले, परंतु स्वतःच्या तळांवरील व तळांभोवतीच्या झाडोऱ्याचा अपवाद ठेवला.

१९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या प्रस्तावनेत तणनाशकांचा युद्धपद्धती म्हणून वापर निषिद्ध असल्याचा उल्लेख आहे. मूळ कलमांतील विषारी रसायनाची व्याख्या मात्र माणसे आणि प्राणी यांच्यापुरतीच आहे, त्यात वनस्पतींचा समावेश नाही. त्यामुळे नुसती झाडे मारणारे द्रव्य त्या व्याख्येत बसवायचे कसे, यावर विधिज्ञांचा वाद होऊ शकतो आणि होतो. मुलांना तो करार दाखवायचा असेल तर प्रस्तावनेचा तो परिच्छेद आणि दुसरे कलम ही दोन पाने शेजारी ठेवून वाचायला द्यावीत.